तारेच्या घरात एलईडी: टॉर्चच्या बदली मॉड्यूलची पार्श्वभूमी

टॉर्चचं डोकं उघडायचं, जुना बल्ब काढायचा आणि त्याच जागी एलईडी मॉड्यूल, म्हणजे बल्बच्या जागी बसणारा एलईडीचा तयार संच बसवायचा, हे दोन मिनिटांचं काम. कोणतं मॉड्यूल घ्यावं याची चर्चा मात्र संपता संपत नाही आणि बहुतेक वेळा लुमेनच्या, म्हणजे एकूण प्रकाश मोजायच्या एककाच्या, आकड्यावर येऊन अडते. माझं म्हणणं असं की या तुलनेत लुमेन सगळ्यात शेवटी बघावेत. मॉड्यूल ज्या टॉर्चमध्ये जाणार ती एलईडीसाठी बनलेलीच नाही. तिची खोबण, तिचा रिफ्लेक्टर, तिच्यातल्या सेलची संख्या, सगळं तापून उजळणाऱ्या तारेच्या हिशेबानं ठरलं आहे.

डेव्हिड मिसेल यांना हातातल्या विजेच्या दिव्याचं अमेरिकी पेटंट १८९९ मध्ये मिळालं. नळीत एकामागोमाग एक सेल, पुढे बल्ब, बल्बमागे रिफ्लेक्टर ही मांडणी तेव्हापासूनची. कार्बनच्या तारेचा बल्ब फार वीज खायचा आणि त्या काळचे सेल लगेच दमायचे, त्यामुळे दिवा सलग लावून ठेवायची सोयच नव्हती. पुढे टंगस्टनची तार आली आणि टॉर्च कामाची वस्तू झाली.

आजच्या मॉड्यूलवर सर्वांत मोठा ठसा आहे तो पीआर जातीच्या बल्बचा. या बल्बच्या कंबरेला पत्र्याची एक गोल कडा असते. ती खोबणीवर टेकली की बल्ब ठरावीक खोलीवरच बसतो आणि तार बरोबर रिफ्लेक्टरच्या नाभीवर, म्हणजे जिथून निघालेला प्रकाश सरळ झोतात जातो त्या बिंदूवर, येते. बल्ब बदलला तरी झोत बिघडत नाही. दोन सेलच्या टॉर्चला पीआर-२, तीन सेलला पीआर-३, चार सेलला पीआर-१३ असा हिशेब. पीआर-२ हा २.३८ व्होल्टचा आणि अर्धा ॲम्पिअर घेणारा बल्ब. दोन ताजे सेल ३ व्होल्ट देतात, मग २.३८ का? कारण भार पडला की सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, खाली येतो, आणि ते धरूनच बल्ब बनवला आहे. त्याचं आयुष्य जेमतेम १५ तासांचं आणि प्रकाश सुमारे १० लुमेन.

तारेच्या बल्बची आणखी एक खोड आहे. दाब २० टक्क्यांनी घटला की प्रकाश अर्ध्याहून खाली जातो आणि पिवळा पडत लालसर होतो. टॉर्च ‘मंद झाली’ की सेल बदलायचे, ही आपली सवय या खोडीतूनच आली.

१९७९ मध्ये मॅगलाइट नावाची टॉर्च आली. जाड ॲल्युमिनियमचं अंग, आणि डोकं फिरवलं की बल्ब व रिफ्लेक्टर यांच्यातलं अंतर बदलून झोत रुंद किंवा अरुंद होतो. १९८४ मध्ये तिची दोन पेन्सिल सेलवरची धाकटी आवृत्ती आली, तिचा बल्ब दोन बारीक पिनांचा. शुअरफायर या कंपनीनं वेगळी वाट धरली. त्यांच्या ६पी या टॉर्चमध्ये बल्ब आणि रिफ्लेक्टर मिळून एकच भाग होता, पी६० नावाचा. दोन लिथियम सेलवर साधारण तासभर ६५ लुमेन. पीआर खोबण, दोन पिना आणि पी६० या तीन घरांत पुढे एलईडी भाडेकरू म्हणून शिरला.

पांढऱ्या एलईडीची गोष्ट अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून इथे थोडक्यात. निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी आणला, १९९६ मध्ये त्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करणाऱ्या पदार्थाचा, लेप देऊन पांढरा प्रकाश मिळवला गेला, आणि निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. टॉर्चसाठीचे पहिले बदली संच ५ मिलिमीटरच्या बारक्या एलईडींचे होते. प्रत्येकी २० मिलिअँपिअर, निळसर उजेड, पल्ला हातभर. सेल मात्र दिवसेंदिवस चालायचे, आणि तंबूत वाचायला ते पुष्कळ झालं.

खरा बदल लक्सिऑन नावाच्या एलईडीमुळे झाला. एका वॅटचा हा एलईडी नव्वदीच्या अखेरीस आला. त्याच्या पाठीला उष्णता बाहेर नेणारा धातूचा ठोकळा होता. मग २००६ मध्ये क्री या कंपनीनं एक्सआर-ई हा एलईडी आणला: ३५० मिलिअँपिअरला ८० लुमेन. इथे जरा थांबून आकडेमोड करू. पीआर-२ बल्ब २.३८ व्होल्ट गुणिले अर्धा ॲम्पिअर, म्हणजे सुमारे १.२ वॅट खाऊन १० लुमेन देतो. एक्सआर-ई साधारण ३.३ व्होल्टवर ३५० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे जवळपास तेवढेच वॅट खाऊन आठपट प्रकाश देतो. त्याच वर्षी मॅगलाइटनंही स्वतःची एलईडी मॉड्यूल बाजारात आणली.

पण ती आठपट कागदावरची. एलईडीचा आकडा प्रयोगशाळेत, त्याची उजळणारी चिप २५ अंशांवर ठेवून, क्षणभराच्या विजेवर मोजलेला असतो. टॉर्चमध्ये तसं काही नसतं. तारेचा बल्ब आपली बरीचशी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात काचेतून पुढे फेकून देतो, त्यामुळे जुन्या टॉर्च बनवणाऱ्यांना तिची फिकीर नव्हती. एलईडीची उष्णता मागच्या बाजूनं, धातूला धातू भिडेल तिथूनच बाहेर जाते. पीआर खोबण बहुधा प्लास्टिकची असते. म्हणून तेच मॉड्यूल प्लास्टिकच्या टॉर्चमध्ये काही मिनिटांत मंदावतं आणि ॲल्युमिनियमच्या अंगात बराच वेळ टिकतं. पी६० मध्ये मॉड्यूल आणि नळी यांच्यात फट राहते. ती भरायला हौशी लोक मॉड्यूलभोवती ॲल्युमिनियमचा कागद किंवा तांब्याची पट्टी घट्ट गुंडाळतात. उपाय गावठी दिसतो, पण त्यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे.

दुसरी अडचण झोताची. तार जवळजवळ सर्व दिशांना उजळते, म्हणून तिच्याभोवतीचा रिफ्लेक्टर बराच प्रकाश गोळा करून पुढे धाडतो. एलईडी मात्र पुढच्या अर्ध्या गोलातच प्रकाश टाकतो. रिफ्लेक्टरच्या वाट्याला फक्त कडेचे किरण येतात. त्यातही चिप नाभीपासून मिलिमीटरभर सरकली तरी बिघाड दिसतो. पांढऱ्या भिंतीवर टॉर्च मारून बघा: मधोमध काळसर भोक आणि त्याभोवती उजेडाचं कडं दिसलं, तर चिपची उंची चुकली आहे. जास्त लुमेनचं पण चुकीच्या उंचीचं मॉड्यूल पल्ल्यात कमी लुमेनवाल्यापुढे हरतं.

तिसरी अडचण दाबाची. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्टच्या वर लागतात, आणि दोन अल्कलाइन सेल वापर सुरू होताच त्याच्या खाली उतरतात. म्हणून दोन सेलच्या मॉड्यूलमध्ये दाब चढवणारं सर्किट हवंच. जास्त सेलच्या मॉड्यूलमध्ये तो उतरवावा लागतो, नाहीतर नुसता रोध (रेझिस्टर) घालून वेळ मारून नेतात. एकच मॉड्यूल दोनपासून सहा सेलपर्यंत सगळीकडे चालेल असा दावा दिसला, तर आत कोणतं सर्किट आहे हे विचारावं. शिवाय तारेला अधिक-उणे कळत नव्हतं, एलईडीला कळतं. काही जुन्या टॉर्चमध्ये सेल उलटे बसतात. तिथे साधं मॉड्यूल पेटतच नाही.

२०१० च्या आसपास आकड्यांची चढाओढ सुरू झाली. क्रीचा एक्सएम-एल हा एलईडी ३ ॲम्पिअर, १० वॅटवर हजार लुमेनच्या घरात जाणारा. मग हजार लुमेन छापलेली पी६० मॉड्यूल दिसू लागली. ती खोटी होती असं नाही. तो आकडा उघड्या चिपचा होता, काच आणि रिफ्लेक्टरमधून बाहेर पडलेल्या प्रकाशाचा नव्हता. त्याआधी २००९ मध्ये अमेरिकेत एफएल-१ हे मानक आलं होतं. त्यानुसार टॉर्च लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान बाहेर आलेला प्रकाश मोजतात, आणि चंद्रप्रकाशाइतका, म्हणजे पाव लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं एकक) उजेड जिथवर पोचतो तो पल्ला धरतात. मोजमाप होतं अख्ख्या टॉर्चचं. सुटं मॉड्यूल कोणत्या अंगात बसेल ते ठाऊक नसल्यानं त्याच्यावर छापलेल्या आकड्याला या मानकाचा आधार अर्धाच मिळतो.

आणखी एक मेख आहे ती ‘किती तास चालतं’ यात. एफएल-१ मध्ये प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. प्रकाश एकसारखा राखणारं मॉड्यूल सेल संपत आले की झपकन पडतं, म्हणून त्याचे तास कमी भरतात. नियंत्रण नसलेलं मॉड्यूल पहिल्या तासापासूनच उतरत जातं, पण दहा टक्क्यांच्या रेषेच्या वर रेंगाळत राहतं आणि खोक्यावर जास्त तास मिरवतं. दोघांची निवड करायची असेल, तर तासांऐवजी वेळ आणि प्रकाश यांचा आलेख बघावा. तो दिलेला नसेल, तर सेलचा दाब घटत जाताना प्रकाशाचं काय होतं एवढं तरी विचारून घ्यावं.