खासगी मालकीचं जुनं धरण: कायद्यात बसतं का, कागद कोणते आणि अर्ज कुठे अडतो

गिरणी, ट्रस्ट किंवा एखाद्या कुटुंबाच्या ताब्यातल्या जुन्या धरणाबद्दल राज्याच्या नाशिकमधल्या धरण सुरक्षितता संघटनेला अनेकदा एकाच साच्याचं उत्तर जातं: "उंची ९ मीटर, सबब अधिनियम लागू नाही." फाईल परत येते ती इथेच.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ प्रमाणे उंची मोजायची ती सर्वसाधारण पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंत. नदीच्या तळापासून नाही, आणि खालच्या शेतात उभं राहून दिसते ती तर नाहीच. जमिनीवर ९ मीटर दिसणारा दगडी बांध दीड मीटर खाली खडकावर टेकला असेल, तर उंची साडेदहा.

१५ मीटरच्या वर असेल तर वादच नाही, ते विनिर्दिष्ट धरण, म्हणजे अधिनियम लागू. १० ते १५ मीटरमध्ये असेल तर पुढचं एक कारणही पुरतं: माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर, पूरविसर्ग किमान २,००० घनमीटर प्रतिसेकंद, पायाची विशेष अवघड स्थिती किंवा नेहमीपेक्षा वेगळं संकल्पन (डिझाइन). लहान धरणांनी साठ्याचा आकडा आधी तपासावा. जुने कागद दलघफूमध्ये (दशलक्ष घनफूट) असतात. ४० दलघफू म्हणजे सुमारे १.१३ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे साठ्याची अट पूर्ण. हा आकडा एकक न लिहिता अर्जात उतरवला की पत्रव्यवहार सुरू.

"आम्ही मालक नाही, नुसतं चालवतो" हेही चालत नाही. ताबा, नियंत्रण, परिचालन, देखभाल यांपैकी काहीही तुमच्याकडे असेल तर तुम्ही मालकाच्या व्याख्येत येता. सातबाऱ्यावर नाव कोणाचं, हा मुद्दा वेगळा.

सातबारा, फेरफार, भाडेकरार, पाणीवापराची मंजुरी हे कागद मिळतात. मिळत नाही तो पायाचा छेद, म्हणजे पाया किती खोल गेला आहे ते दाखवणारं रेखाचित्र. संस्थेचं जुनं दप्तर, पाटबंधारे विभाग आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा अभिलेख कक्ष, तिन्हीकडे लेखी मागणी करा आणि 'उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर तेही जोडा. मग नवं सर्वेक्षण. दगडी धरणात ड्रिलने दगडाचा गोल नमुना (गाभा) काढून खडकाची पातळी सापडते. मातीच्या भरावात मात्र कंत्राटदाराच्या सांगण्यावरून बोअर घेऊ नका. पाण्याच्या दाबाने ड्रिल केलं तर भरावाला आतून चीर पडू शकते.

आयएस ११२२३ या भारतीय मानकातलं 'लहान धरण' (साठा ०.५ ते १० दलघमी, हेड ७.५ ते १२ मीटर) हे सांडव्याचा संकल्पन-पूर, म्हणजे सांडव्याने किती मोठा पूर सुरक्षित सोडायचा ते, ठरवण्यासाठी आहे. तिथलं हेड म्हणजे धरणाच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या पाणीपातळीतला फरक, अधिनियमातली उंची नव्हे. अर्जात उंची आणि हेड या दोन्ही रकान्यांत एकच आकडा आला की तपासणाऱ्याला लगेच कळतं. आकाराने लहान म्हणजे धोका कमी, असंही नाही. २ जुलै २०१९ ला फुटलेलं रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण काही मोठं नव्हतं. धोक्याचं वर्गीकरण राज्याची संघटना करते, सल्लागाराचं प्रमाणपत्र म्हणजे वर्गीकरण नव्हे. त्यामुळे नकाशात खालची वस्ती, शाळा, पूल आजचे दाखवा. जुन्या नकाशात तिथे माळरानच असतं.

मुदतीचा घोळ तर ठरलेला. पाच वर्षं मोजायची ती नोटीस हातात पडल्यापासून नव्हे, अधिनियम लागू झाला त्या ३० डिसेंबर २०२१ पासून. स्वतंत्र तज्ज्ञ पथकाकडून पहिलं सर्वंकष मूल्यमापन, जोखीम अभ्यास आणि आपत्कालीन कृती आराखडा, जुन्या धरणांसाठी तिन्हींना हीच मुदत. शिवाय पावसाळ्याआधी आणि नंतर दरवर्षी पाहणी आहेच. निर्देश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. जीवितहानी झाली तर दोन वर्षांपर्यंत.

पाहणीच्या आदल्या दिवशी खालच्या बाजूची झुडपं जरूर काढा, पण गळतीवर सिमेंट थापू नका. बाहेर पडणारं पाणी अडलं की बांधाच्या आत दाब वाढतो. गळती व्ही-नॉचने (प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच असलेली पट्टी) मोजा आणि आकड्याशेजारी त्या दिवशीची जलाशयाची पातळी लिहा. पातळीशिवाय तो आकडा कुणाच्याच कामाचा नाही.