‘नोऑटो’ लिहूनही माउंट होणारं पार्टिशन

लिनक्स डेस्कटॉपवर एखादं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) आपोआप माउंट होऊ नये, म्हणजे फोल्डरासारखं वापरायला जोडलं जाऊ नये, म्हणून काय करावं, असं तिघांना विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. एक म्हणतो, एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठं माउंट करायची याच्या यादीच्या फाइलमध्ये, ‘नोऑटो’ (आपोआप नको) लिही. दुसरा सेटिंग्जमधली खूण काढायला सांगतो, आणि तिसरा थेट यूडेव्हचा, म्हणजे जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या सेवेचा, नियम लिहायला बसवतो. तिघंही बरोबरच असतात, पण प्रत्येकाच्या डोक्यातला ‘ऑटो’ वेगळा असतो. हा गुंता मुख्यतः २००४ ते २०१२ या आठ वर्षांत झाला.

त्याआधीचा कारभार सरळ होता. मशीनचा मालक म्हणजे रूट, सर्वाधिकार असलेला वापरकर्ता. सुरू होताना मशीन एफएसटॅब वाचायचं, ‘नोऑटो’ असलेल्या ओळी सोडून बाकी सगळं माउंट करायचं, आणि विषय संपायचा. फ्लॉपी-सीडीच्या ओळीत ‘यूजर’ लिहिलं की साध्या वापरकर्त्यालाही माउंट करता यायचं. मात्र त्या एका शब्दाबरोबर नोएक्झेक (तिथला प्रोग्रॅम चालवायचा नाही), नोस्यूआयडी (प्रोग्रॅमला मालकाचे अधिकार द्यायचे नाहीत) आणि नोडेव्ह (डिव्हाइस फाइल मानायच्या नाहीत) हे तीन निर्बंध न लिहिता लागू व्हायचे, आणि ज्यानं माउंट केलं त्यालाच काढता यायचं. दुसऱ्यालाही काढू द्यायचं तर ‘यूजर्स’. एका ‘एस’चा फरक, पण त्यावरून प्रयोगशाळांमध्ये बरीच कुरबुर झालेली आहे.

मग पेन ड्राइव्ह आला. तो कुठल्या नावानं, कधी आणि किती वेळ येणार हे एफएसटॅबला आधी सांगता येत नाही. जानेवारी २००४ मध्ये फोल्डरांच्या रचनेच्या मानकात काढघाल होणाऱ्या माध्यमांसाठी ‘/मीडिया’ ही स्वतंत्र जागा आली. त्याच सप्टेंबरात ग्नोम या डेस्कटॉपच्या २.८ आवृत्तीबरोबर खोचलेली डिस्क माउंट करणारा व्हॉल्यूम मॅनेजर आला. खाली हॅल नावाची सेवा हार्डवेअरवर नजर ठेवायची आणि वर डेस्कटॉप चिन्ह दाखवायचा.

त्याच वर्षी लिनक्सच्या एका मोठ्या वितरणानं (तयार बांधून दिलेल्या लिनक्सनं) एक निर्णय घेतला, आणि त्यावर थोडं थांबायला हवं. डिस्क खोचली की तिची ओळ मशीननंच एफएसटॅबमध्ये लिहायची आणि काढली की पुसायची. अशा ओळीत आधी डिस्कचं नाव, मग मीडियामधला फोल्डर, मग फाइल सिस्टिमचा (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीचा) प्रकार ‘व्हीफॅट’, आणि चौथ्या रकान्यात ‘पॅमकन्सोल, एक्झेक, नोऑटो, मॅनेज्ड’ अशी माळ. शेवटचा ‘मॅनेज्ड’ म्हणजे ही ओळ माणसाची नाही, यंत्राची आहे. आणि त्याच्याच शेजारी ‘नोऑटो’! ओळ स्वच्छ सांगते की आपोआप नको, आणि खिडकी तर पेन ड्राइव्ह खोचताक्षणी उघडलेली असते.

यात विसंगती काही नव्हती. एफएसटॅबमधला ‘ऑटो’ फक्त मशीन सुरू होतानाच्या क्षणाबद्दल बोलतो. डेस्कटॉपचा ‘ऑटो’ म्हणजे खोचल्यावर किंवा लॉगिन केल्यावर. तिसरा ‘ऑटो’ या दोघांहून जुना वाटावा असा: ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नेटवर्कवरच्या फोल्डरांसाठी आलेला ऑटोमाउंटर. तो कुणी फोल्डरात पाऊल टाकेपर्यंत काहीच माउंट करत नाही. म्हणजे एकच शब्द बूटला, खोचण्याला आणि उघडण्याला. वर एफएसटॅबच्या तिसऱ्या रकान्यातही ‘ऑटो’ लिहिता येतो, पण तिथं त्याचा अर्थ ‘फाइल सिस्टिम कुठली ते तूच ओळख’ एवढाच. नवख्यानं गोंधळू नये तर काय करावं? ‘नोऑटो लिहिलं तरी माउंट होतंच’ ही तक्रार इतकी वर्षं टिकली ती यामुळेच, आणि तिला ‘मॅन्युअल वाचा’ असं उत्तर देणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही.

एफएसटॅब कुणाची, हा खरा वाद होता. हातानं जपलेल्या फाइलमध्ये मशीन ओळी घालतं-काढतं हे जुन्या मंडळींना रुचणं शक्य नव्हतं. २००६ पर्यंत ती सोय गेली, आणि गेली ते बरंच झालं. पण तिच्याबरोबर सगळं एकाच फाइलमध्ये वाचता येण्याची सोयही गेली. पुढं हॅलही मोडीत निघालं. २००९ मध्ये डिस्क सांभाळणाऱ्या सेवेला यूडिस्क्स हे नाव आलं आणि कुणाला काय करू द्यायचं या परवानगीचं काम पोलकिट या सेवेकडं गेलं.

इथं ‘सिस्टिम’ डिस्क ही नवी वर्गवारी पुढं आली. यूएसबीवरची डिस्क समोर बसलेल्या वापरकर्त्याची: ती आपोआप माउंट होते, पासवर्ड लागत नाही. आतल्या साटा केबलवरची डिस्क मशीनची: ती आपोआप होत नाही, आणि क्लिक केलं तर प्रशासकाचा पासवर्ड मागते. तर्क चुकीचा नाही. पण आपल्याकडं असेंबल केलेल्या पीसीवर सी, डी, ई पाडून द्यायची पद्धत. गाणी, फोटो, टॅली सगळं ‘डी’त. शेजारी लिनक्स टाकलेल्या माणसाला स्वतःच्याच ‘डी’साठी पासवर्ड विचारला जायचा. तेव्हा तो पुन्हा एफएसटॅबकडंच वळला. ‘आईचे फोटो’ असं नाव दिलेलं पार्टिशन डेस्कटॉपवर नीट दिसतं, पण त्याच नावाचा फोल्डर एफएसटॅबमध्ये लिहायचा तर मधल्या रिकाम्या जागेसाठी बॅकस्लॅश आणि ०४० लिहावं लागतं.

विंडोजवर गोंधळ वेगळ्या दोन शब्दांचा होता, ऑटोमाउंट आणि ऑटोरन (खोचल्यावर डिस्कवरचा प्रोग्रॅम आपोआप चालणं). २००८ अखेरीस कॉनफिकर हा व्हायरससारखा पसरणारा घातक प्रोग्रॅम पसरू लागला. पेन ड्राइव्हवरून शिरायला त्यानं वापरलं ते ऑटोरन. फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टावरही पेन ड्राइव्हचं ऑटोरन अपडेटमधून बंद झालं. माउंट होणं चालूच राहिलं.

२०१२ मध्ये यूडिस्क्स-२ नं माउंटची जागा ‘/मीडिया’वरून ‘/रन/मीडिया’ आणि त्यात वापरकर्त्याच्या नावाचा फोल्डर अशी हलवली. काही वितरणांनी ‘/मीडिया’ सोडलं नाही, फक्त वापरकर्त्याचं नाव त्यात घेतलं. बॅकअपच्या स्क्रिप्ट मोडल्या त्या मोडल्याच. मशीन सुरू करणारा सिस्टिमडी हा प्रोग्रॅम आल्यावर एफएसटॅबमधली डिस्क जागेवर नसेल तर मशीन ९० सेकंद वाट बघून आणीबाणीच्या शेलमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, जाऊन बसतं. म्हणून ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढं जा) लिहायची सवय लागली. ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ लिहिलं की फोल्डर उघडल्यावर माउंट करणारा तो जुना तिसरा ‘ऑटो’ही त्याच ओळीत येतो.

सरसकट बंद करायचं तर ग्नोममध्ये एक कळ आहे. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये प्रत्येक डिस्कसाठी लॉगिनच्या वेळी आणि जोडल्यावर अशा दोन वेगळ्या खुणा आहेत. एकाच पार्टिशनला डेस्कटॉपपासून लपवायचं तर यूडेव्हचा ‘यूडिस्क्स-इग्नोर’. आणि ग्नोमच्या डिस्क्स या प्रोग्रॅममध्ये ‘सिस्टिम सुरू होताना माउंट करा’ ही खूण काढून ओके म्हटलं, की तो पासवर्ड घेतो आणि एफएसटॅबमध्ये स्वतःच एक ओळ लिहितो. तिच्यात ‘नोऑटो’ असतं, ‘मॅनेज्ड’ मात्र नसतं.