झोपेतला श्वास मोजतात म्हणजे नक्की काय मोजतात?

सकाळी घड्याळ किंवा गादीखालची पट्टी सांगते, रात्री मिनिटाला सरासरी १४ श्वास. या आकड्याचं मूळ तसं जुनं आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके जरा जलद पडतात आणि सोडताना मंदावतात हे १८४७ मध्येच कुत्र्यांवरच्या प्रयोगात नोंदवलं गेलं होतं, मनगटावरची बरीच यंत्रं आजही त्यावरच श्वास ओळखतात.

झोपेपुरतं बोलायचं तर खरी गोष्ट झोप तपासणाऱ्या लॅबपासून सुरू होते. नाकाशी सेन्सर, छाती-पोटाला पट्टे, डोक्याला वायरी, एवढं सगळं लावून म्हणायचं की आता नेहमीसारखं झोपा! लॅबमधली पहिली रात्र बिघडतेच हे १९६६ मध्ये नीट मांडलं गेलं आणि अंगाला काहीच न लावता मोजायचं कसं याचा शोध लागणं भागच होतं. १९७९ मध्ये फिनलंडमधून गादीखाली ठेवायची एक चादरवजा रचना आली, शरीर हललं की तिच्यावरच्या विद्युतभारात फरक पडायचा आणि त्यातून श्वास, ठोके, कूस बदलणं वेगवेगळं काढायचं. मला हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आजच्या पट्ट्यांचा घाट तोच आहे.

पण गोंधळ ‘श्वास’ या शब्दातच आहे. गादीला कळते ती छातीची हालचाल, नाकातून हवा गेली की नाही हे तिला कळत नाही. एरवी दोन्ही एकच. पण घोरणाऱ्या माणसाजवळ रात्री जागून बघा, घोरणं एकदम थांबतं, गळा बंद झालेला असतो, छाती-पोट मात्र जोर लावत राहतं, दहा-वीस सेकंदांनी मोठा आचका देऊन हवा आत जाते. या वेळात फुप्फुसात हवा गेलेलीच नसते आणि गादी श्वास मोजत बसलेली असू शकते! मोठ्यांमध्ये १० सेकंद किंवा जास्त हवा थांबली तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात, म्हणजे व्याख्या हवेवर आणि मोजणी हालचालीवर. लॅबमध्ये नाक आणि छाती दोन्हीकडे सेन्सर लावतात ते याचसाठी. घरच्या यंत्रांच्या जाहिरातीत मात्र ‘श्वसन’ असा एकच शब्द येतो आणि माणूस निर्धास्त होतो, हे मला अजिबात पटत नाही.

नंतर रडार आलं. मायक्रोवेव्हने लांबून श्वास टिपायचे प्रयोग १९७० च्या दशकातच झाले होते, २०२१ मध्ये तेच तंत्र उशाशी ठेवायच्या स्क्रीनमध्ये आलं. छाती काही मिलिमीटर हलली तरी त्याला कळतं, पण कळते ती हालचालच.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने घड्याळांतल्या अ‍ॅप्नियाची शंका दाखवणाऱ्या सोयींना परवानगी दिली. त्या नुसत्या श्वासाच्या दरावर चालत नाहीत, एक रक्तातला ऑक्सिजन बघते, दुसरी मनगटाच्या बारीक हालचालींतून श्वासातले अडथळे शोधते. आजाराचं निदान मात्र दोन्ही करत नाहीत, ते तपासणीतूनच.