ब्रेक दाबला की स्टिरिओ मंद का होतो?

वीस वर्षांची जुनी हॅचबॅक. मालकाने हौसेने डॅशबोर्डात टचस्क्रीनचा स्टिरिओ बसवून घेतला, पुढचे पार्किंगचे दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा एलईडी करून घेतला. काही दिवस सगळं झकास. मग भर दुपारी, ब्रेकवर पाय पडला की स्टिरिओचा पडदा मंद होऊ लागला. पाय काढला की पुन्हा लख्ख. तेही रोज नाही. एखाद्या खड्ड्यानंतर सुरू व्हायचं, दुसऱ्या खड्ड्यानंतर थांबायचं. आणि गॅरेजच्या दारात गाडी उभी राहिली की अगदी शहाण्यासारखी वागायची.

अशा वेळी संशय हमखास नव्या वस्तूवर जातो. स्टिरिओ बदलून घेतला जातो, नवाही तेच करतो. मग कोणीतरी ‘वायरिंगच म्हातारं झालंय, अख्खा हार्नेस (गाडीभर पसरलेला वायरींचा जुडगा) बदला’ असं सांगतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात दोष बहुतेकदा गाडीच्या दुसऱ्या टोकाला, टेललाइटच्या मागे, गंज धरलेल्या एका स्क्रूखाली असतो.

गाडीत दिव्यापर्यंत वीज न्यायला वायर असते, पण परतीच्या प्रवासाचं बरंचसं काम गाडीचा पत्राच करतो. होल्डरमधून निघालेली आखूड काळी वायर जवळच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते आणि बॉडी एका जाड पट्ट्याने बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. मेकॅनिक याला अर्थिंग म्हणतात. जमिनीशी त्याचा काही संबंध नाही, गाडी चार रबरी टायरांवर उभी असते.

आता टेललाइटचा बल्ब हातात घेऊन पाहा. बऱ्याच गाड्यांत तो दोन फिलामेंटचा असतो. रात्री सतत जळणारं 5 वॅटचं आणि ब्रेकचं 21 वॅटचं. दोघांना वीज वेगवेगळ्या वायरींनी येते, परतीची वाट मात्र एकच. ती वाट गंजाने बंद झाली की ब्रेकची वीज 21 वॅटच्या फिलामेंटमधून सामाईक टोकापर्यंत पोचते आणि तिथे अडते. मग तिला उरलेला एकच रस्ता दिसतो, 5 वॅटच्या फिलामेंटमधून उलट्या दिशेने. त्यातून ती पार्किंग दिव्यांच्या लाइनीत घुसते. या लाइनीवर पुढचे छोटे दिवे, नंबरप्लेटचा दिवा, डॅशबोर्डचे दिवे असे सगळे टांगलेले असतात. आणि स्टिरिओची ती नारिंगी वायरसुद्धा, जी त्याला ‘दिवे लागले, रात्र झाली, पडदा मंद कर’ असं सांगते. स्टिरिओ बिचारा दिलेल्या हुकमाप्रमाणे वागत असतो.

मग एलईडी लावण्यापूर्वी हे का दिसलं नाही? फिलामेंट थंड असताना त्याचा रोध तापलेल्या अवस्थेच्या साधारण दहावा हिस्सा असतो. 5 वॅटचा बल्ब जळताना सुमारे 29 ओहम दाखवतो, थंड असताना जेमतेम 3. असे चार-पाच थंड बल्ब एकाच लाइनीवर असले की चोरवाटेने आलेली वीज ते गिळून टाकतात. लाइनीवर व्होल्टचे काही दशांशच उरतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. एलईडीचं तसं नाही. ठरावीक व्होल्टेजच्या खाली तो जवळजवळ काहीच वीज घेत नाही. गिळणारे बल्ब गेले, लाइन काही व्होल्टांपर्यंत वर उचलली गेली, आणि स्टिरिओच्या इलेक्ट्रॉनिक्सला इशारा द्यायला तेवढं पुरलं. गंज आधीपासून होता. नव्या दिव्यांनी त्याच्यावरचं पांघरूण काढलं, एवढंच. जुन्या गाडीतल्या बऱ्याच ‘अपग्रेडनंतरच्या’ बिघाडांची जात हीच असते.

यात एक गंभीर भाग आहे. ज्या बाजूचं अर्थिंग गेलं त्या बाजूचा ब्रेकलाइट मिणमिणता झालेला असतो आणि तो चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसतो. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावा आणि ब्रेक दाबून आरशात पाहा. दोन्ही बाजूंचा लाल उजेड सारखा पडायला हवा.

बिघाड का येतो-जातो, याचं उत्तर धातूच्या पृष्ठभागात आहे. दोन गुळगुळीत टर्मिनल एकमेकांवर दाबली तरी ती सगळीकडे टेकत नाहीत. सूक्ष्म पातळीवर पृष्ठभाग उंचसखल असतो, फक्त काही उंचवट्यांची टोकं भिडतात आणि सगळी वीज त्या मूठभर बिंदूंतून चेपून जाते. राग्नार होल्म या स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या बिंदूंचा कसून अभ्यास केला आणि विद्युत संपर्कांचं शास्त्र उभं केलं. गाडीच्या कपलरमधल्या (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडामधल्या) पिना सहसा कथिलाचा मुलामा दिलेल्या असतात. इंजिनच्या थरथरीने आणि रोजच्या तापण्या-निवण्याने त्या काही मायक्रोमीटर सरकत राहतात. सरकताना ताजं कथिल उघडं पडतं, त्यावर लगेच ऑक्साइड चढतं, पुढच्या सरकण्यात ते खरवडून निघतं आणि चुरा होऊन तिथेच साचतं. हा चुरा वीज वाहून नेत नाही. पीन चुऱ्यावर बसली की संपर्क गेला, एका धक्क्याने बाजूला सरकली की आला. खड्ड्याने बिघडणं आणि खड्ड्यानेच दुरुस्त होणं, दोन्ही यातच आलं.

स्टिरिओ बसवताना त्याच कपलरची ओढाताण झालेली असते. वीस वर्षं एका जागी बसलेल्या पिना हलतात, ठिसूळ झालेली प्लास्टिकची कुलपं तुटतात आणि डॅशबोर्ड बंद झाल्यावर ते कोणाला दिसत नाही. आपल्याकडची खास देणगी म्हणजे वायर सोलून, दुसरी तिच्याभोवती पीळ देऊन काळी टेप गुंडाळणे. उन्हात टेपचा डिंक वितळतो, टेप सरकते, आत ओल शिरते. कोकणात तर समुद्राच्या खाऱ्या हवेतलं क्लोराइड तांब्याला गाठतं आणि हिरवी बुरशी धरल्यासारखी वायर दिसते. ती हिरवळ तारांच्या बारीक फटींतून इन्सुलेशनच्या आत सरकत जाते, त्यामुळे दोन बोटं वायर कापून नवा जोड मारला तरी आत काळवंडलेलं तांबंच हाती येतं. चकाकतं तांबं दिसेपर्यंत कापत जावं लागतं.

सगळ्याच सुधारणा वीज वाचवणाऱ्या नसतात. हेडलाइटमध्ये 60/55 वॅटच्या (पहिला आकडा हाय-बीमचा, दुसरा लो-बीमचा) जागी 100/90 वॅटचे बल्ब टाकायची हौस जुनी आहे. साधे दोन लो-बीम मिळून सुमारे 9 अँपिअर घेतात, 90 वॅटचे दोन 15 अँपिअर. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत ही सगळी वीज रिलेशिवाय (रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), स्टिअरिंगखालच्या दांडीतल्या स्विचमधून जाते. वाटेतला एकूण रोध 0.1 ओहम धरा. आधी सुमारे 0.9 व्होल्ट गळत होते, आता 1.5. स्विच आणि जोडांत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे 8 वॅटवरून 22 वॅटच्या वर. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घातानुसार बदलतो, म्हणून 12 ऐवजी 10.5 व्होल्ट मिळाले तर एक तृतीयांशाहून जास्त उजेड वाटेतच हरवतो. पैसे दिले उजेडाचे, गरम झाला स्विच. प्लास्टिक मऊ पडून आतला संपर्क ढिला होतो आणि हेडलाइट अधूनमधून डोळे मिटू लागतात. इलाज सोपा आहे. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर, मध्ये रिले, आणि जुन्या स्विचकडे फक्त रिले चालवण्याचं हलकं काम. तो फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. लांब लावला तर मधल्या वायरीला संरक्षण उरत नाही.

अँप्लिफायरची गोष्ट आणखी बारीक. समजा त्याची काळी वायर सोयीचा दिसला म्हणून इंजिन कॉम्प्युटरच्याच अर्थिंगच्या बोल्टला आवळली. त्या बोल्टखाली 0.01 ओहम एवढाच रोध आहे, आणि बासच्या ठोक्याला अँप 20 अँपिअर ओढतो. 0.2 व्होल्ट. आकडा फुटकळ वाटतो. पण इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन जोखणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा सगळा संदेश 0.1 ते 0.9 व्होल्टांत बसतो, आणि एका वायरीच्या जुन्या सेन्सरची परतीची वाट सायलेन्सरच्या पाइपातून बॉडीत असते. कॉम्प्युटरच्या पायाखालची पातळीच 0.2 व्होल्ट वर-खाली झाली तर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ आहे की जाड, याचा त्याचा अंदाज चुकतो. गाडी गचके खाते आणि मेकॅनिक पेट्रोल पंपाला दोष देतो.

अर्थिंगचा सर्वांत नाट्यमय प्रकार सेल्फ मारताना दिसतो. छोट्या इंजिनचा स्टार्टरही शंभराच्या घरात अँपिअर ओढतो. कधी दुरुस्तीत इंजिन आणि बॉडी यांच्यातला पट्टा आवळायचा राहिला, तर एवढी वीज जी मिळेल ती धातूची वाट धरते. अॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल ही अशीच वाट. केबल तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि पेडल जड होतं. पेडल जड झालं म्हणून नवी केबल घातली जाते, तीही काही दिवसांत जाते. केबलचा दोष विजेच्या पट्ट्यात असेल असं कोणाच्या मनात येणार!

आता शोधायचं कसं? पहिला फसवा साक्षीदार मल्टिमीटर. तो वाईट नाही, पण त्याचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगाओहम असतो, म्हणून मोजताना तो एक-दोन मायक्रोअँपिअरच ओढतो. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असेल, अगदी जोडात 1000 ओहमचा गंज असेल, तरी मीटर ऐटीत 12 व्होल्ट दाखवतो. गंजलेल्या त्या जोडावर 21 वॅटचा बल्ब लावा, तो लागणारच नाही. बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, आणि गंजातून ते येऊ शकत नाहीत. म्हणून जुने वायरमन खिशात दोन वायरी जोडलेला बल्ब बाळगतात. ती पद्धत मागासलेली मुळीच नाही. फक्त सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या वायरींना तो लावायचा नाही, तिथे एवढा करंट घातक ठरतो.

मीटर वापरायचाच तर वीज वाहत असताना वापरावा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशावर, दुसरं टेललाइटच्या होल्डरमधल्या अर्थिंगच्या पट्टीवर, आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. 0.1-0.2 व्होल्टच्या आत आकडा आला तर परतीची वाट ठीक. कित्येक व्होल्ट दिसले तर चोर सापडला. मग दुसरं टोक एकेक पाऊल बॅटरीकडे सरकवत जायचं. होल्डर, वायर, स्क्रू, पत्रा. आकडा जिथे एकदम कोसळतो, त्याच्या अलीकडचा जोड खराब. दिवसभर चाललेला तर्कवितर्क इथे दहा मिनिटांत संपतो.

बिघाड हजर नसेल तर त्याला बोलवावा लागतो. मीटरचा किमान-कमाल नोंद ठेवणारा मोड लावून हार्नेस हाताने हलवत जा, हेअर ड्रायरने एकेक भाग तापवा, कपलरच्या बाहेरून पाण्याचा हलका फवारा मारा. साधा मीटर सेकंदाला दोन-चार वेळाच आकडा बदलतो, 10 मिलिसेकंदांची झापड त्याच्या नजरेतून सुटते. त्यासाठी व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. इंजिन तापल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने गुपचूप सुरू होणारी गाडी असेल, तर इंजिनच्या फिरण्याची खबर कॉम्प्युटरला देणारा क्रँकशाफ्टचा सेन्सर तापवून पाहण्यासारखा असतो. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत केसासारख्या तारेचं वेटोळं असतं. त्यात भेग असली तर तापून प्रसरण झालं की टोकं दुरावतात, निवली की पुन्हा टेकतात.

रात्रीत बॅटरी उतरण्याचा त्रास असेल तर हिशोब वेगळा. सगळं बंद असताना गाडीने साधारण 50 मिलिअँपिअरपेक्षा कमी खायला हवं. नव्या कॅमेऱ्याने किंवा न झोपणाऱ्या स्टिरिओने 300 खाल्ले तर दिवसाला 7 अँपिअर-तास जातात. 35 अँपिअर-तासांची जुनी, थकलेली बॅटरी तीन-चार दिवसांत सेल्फ मारायला नकार देते. इथे फ्यूज उपसत बसू नये. फ्यूज परत लावताना झोपलेले मॉड्युल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) जागे होतात आणि मोजमाप बिघडतं. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांत मिलिव्होल्ट मोजावेत. जिथे आकडा दिसतो, त्या लाइनीत कोणीतरी जागं आहे.

एक प्रथा मात्र बंद व्हावी असं फार वाटतं. चार्जिंग होतंय का पाहायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उपटण्याची. डायनामोच्या काळात ती खपून गेली. आजच्या गाडीत वीज बनवणारा अल्टरनेटर भरात वीज देत असताना बॅटरी अचानक तुटली, तर त्याचं चुंबकीय क्षेत्र लगेच ओसरत नाही, आणि संरक्षण नसेल तर लाइनीवर काही शे मिलिसेकंद 80 ते 100 व्होल्टपर्यंत उसळी येऊ शकते. 12 व्होल्टचा स्टिरिओ, इंजिनचा कॉम्प्युटर, एलईडीचे ड्रायव्हर, सगळे त्या उसळीच्या तोंडी. कधी ते जागीच मरतात. कधी अर्धमेले होतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडांचा नवा खेळ सुरू होतो. त्यापेक्षा इंजिन चालू ठेवा, हेडलाइट लावा आणि मीटरची टोकं बॅटरीवर टेकवा. 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले की चार्जिंग व्यवस्थित आहे.