हट्ट, झटके आणि गेलेलं बोलणं

समजा, आठ वर्षांची मुलगी अचानक चिडचिडी झाली. रात्र रात्र झोपेना. चार दिवसांनी फिट आली, मग बोलणं बंद पडलं, तोंड आणि हात आपोआप वेडेवाकडे हलू लागले. एमआरआय मात्र नॉर्मल! घरात कुणीतरी 'बाहेरचं' झाल्याची शंका काढतं, कुणी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव सुचवतं.

हा अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे मेंदूला येणारी सूज, असू शकतो. मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप दालमाउ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली त्याचं मूळ दाखवलं. त्याआधी अशा मुलांच्या आजाराला नावच नव्हतं, हे आठवलं की आजही अस्वस्थ व्हायला होतं. यात शरीराच्याच अँटिबॉडी मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरना (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) चिकटतात आणि पेशी ते रिसेप्टर आत ओढून घेते. पेशी मरत नाही, फक्त तिच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर कमी होतात. म्हणूनच अँटिबॉडी हटल्या की मूल परत येऊ शकतं. माझ्या मते, बालमेंदूविकारांच्या शाखेतली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट हीच.

हा आजार वेळेत ओळखणाऱ्या डॉक्टरचं शिक्षण लांबलचक असतं. आपल्याकडे इंटर्नशिपसह एमबीबीएस साडेपाच वर्षं, बालरोगातली एमडी तीन, बालमेंदूविकारांतली डीएम आणखी तीन. त्यावर न्यूरोइम्युनॉलॉजीची, म्हणजे प्रतिकारशक्तीतून होणाऱ्या मेंदूविकारांची, फेलोशिप. इतकी वर्षं का, तर नागिणीच्या कुळातल्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूने मेंदूला सूज आलेलं मूल बरं होत असतानाच, काही आठवड्यांनी, त्याला हाच अँटिबॉडीचा आजार जडू शकतो. विषाणू परत उलटला की स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटली? पहिल्यासाठी असायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध लागतं, दुसऱ्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. निवाडा करायला पाठीतून पाणी काढून तपासावं लागतं. केवळ रक्तावर विसंबलं तर निदान हुकू शकतं.

उपचार स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी) किंवा प्लाझ्मा बदलून सुरू होतात. भागलं नाही तर रितुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांच्या पाठपुराव्यात दर पाचांतले सुमारे चार रुग्ण चांगले सावरले होते. एकूण ५७७ पैकी एक तृतीयांशाहून अधिक १८ वर्षांखालचे होते.

आजार उतरतो तो बहुधा चढला त्याच्या उलट क्रमाने. हालचाली आधी थांबतात. बोलणं, स्वभाव आणि अभ्यास मागाहून येतात, कधी कधी वर्ष उलटून गेल्यावर.