गांडूळखत शोधताना

मुलुंडला आमच्या गॅलरीत आईच्या सात-आठ कुंड्या आहेत. परवा ती फोनवर गांडूळखत शोधत होती. पहिलं अक्षर पडताच खाली सूचनांची यादी उघडली, दुसऱ्या अक्षराला गायब झाली आणि 'ळ' टाइप केल्यावर पुन्हा हजर! "नेट गेलं का रे?" तिने विचारलं. नेट गेलं नव्हतं. 'गांडूळ'मधला 'ळ' झाकून वाचा, म्हणजे काय झालं ते कळेल. आईला समजावताना माझी मात्र पंचाईत झाली. वर गंमत अशी, की तीच शिवी मी इंग्रजी अक्षरांत टाइप करायला घेतली, तर सर्च बॉक्सने ती स्वतःहून पुरी करून दिली.

गूगलने टाइप करता करता सूचना देण्याची ही सोय २००४ मध्ये प्रयोग म्हणून आणली आणि २००८ मध्ये सगळ्यांना दिली. तिच्या मागे ढोबळमानाने शब्दांचं एक झाड असतं. दर अक्षरागणिक आपण एकेक फांदी पुढे सरकतो आणि त्या फांदीवरचे, लोकांनी जास्त शोधलेले शब्द समोर येतात. हे सगळं पापणी लवायच्या आत व्हायला हवं, त्यामुळे शिव्या गाळायलाही फार वेळ नसतो. गाळल्या जातात त्या फक्त सूचना. एंटर दाबलं की निकाल मिळतातच.

गाळण्याची जुनी रीत म्हणजे नकोशा शब्दांची यादी. १९९६ मध्ये ब्रिटनमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट कंपनीकडे खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी दडलेली आहे. त्यावर उपाय सोपा वाटतो: पूर्ण शब्द जुळला तरच अडवा. पण सूचना द्यायच्या असतात त्या मुळी अर्ध्या शब्दावर, आणि गांडुळाकडे जाणारी वाट शिवीवरूनच जाते.

मराठीत तर याहून मोठी अडचण आहे. मुंबईत घर 'भाड्याने' शोधणारे काही कमी नाहीत. शब्दाचं मूळ सापडावं म्हणून संगणकाला प्रत्यय छाटायला शिकवतात. इथे तृतीयेचा 'ने' छाटला की काय उरतं बघा. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला 'भाडे'चं सामान्यरूप म्हणतात, नाक्यावर ती शिवी असते. इथे यादी काय करणार? ठेवली तर भाडेकरू अडकतो, काढली तर शिवी सुटते.

हाच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचा तर दोन्ही 'आ' एका 'ए'ने की दोन, 'य'ला 'वाय' की 'आय', एवढ्यावरच आठ स्पेलिंगं होतात. यादीत त्यातली दोन-तीन असली, तर बाकीची आरामात आत शिरतात. हल्ली यादीच्या जोडीला उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्रॅमही असतात. पण 'हे वाक्य शिवीचं, हे साधं' अशी खूण केलेली उदाहरणं इंग्रजीत ढिगाने आहेत, मराठीत थोडी आणि रोमन लिपीतल्या मराठीत त्याहून थोडी. त्यात जी लिपी शिवी देणाऱ्यांना सोयीची, नेमका तिथेच पहारा ढिला.

आईने तोवर 'वर्मी कंपोस्ट' टाइप केलं होतं. पाच किलोची पिशवी दुसऱ्या दिवशी दारात आली.