बार्बेक्यू रिब्ज (प्रेशर कुकरमधील)

डुकराच्या बरगड्या प्रेशर कुकरमध्ये वाफेच्या दाबाखाली मऊ शिजवून, नंतर त्यांना बार्बेक्यू सॉस लावून निखाऱ्यावर, ग्रिलवर किंवा ओव्हनमध्ये वरून भाजण्याची पद्धत. मूळ पदार्थ अमेरिकेच्या दक्षिण आणि मध्य-पश्चिम भागातला आहे. तिथे बरगड्या लाकडाच्या धुरात पाच-सहा तास मंद आचेवर ठेवतात. कुकरमध्ये तेवढेच मऊपण अर्ध्या तासाच्या आसपास येते. मात्र कुकर फक्त मऊपण देतो. धुराचा वास आणि वरचा खरपूस थर त्याच्याकडून होत नाही, ते आधी किंवा नंतर वेगळे द्यावे लागतात. कामाची ही वाटणी सांभाळली तर पदार्थ उत्तम होतो. सगळे एकाच भांड्यात उरकायला गेले, तर गोडसर पाण्यात उकडलेल्या फिक्या बरगड्या हाती येतात.

मूळ पदार्थ

अमेरिकेत मांसाचे कारखाने वाढले तेव्हा डुकराची मांडी, खांदा आणि पोटाचे मांस खारवून टिकवता येई. हाडे जास्त आणि मांस कमी असलेल्या बरगड्यांना मात्र फारशी किंमत नव्हती. स्वस्तातला हा भाग निखाऱ्यावर आणि धुरात तासन्‌तास ठेवून खाण्याजोगा, पुढे हवाहवासा करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय अमेरिकन स्वयंपाक्यांना जाते. कॅन्सस सिटीत हेन्री पेरी यांनी १९०८ च्या सुमारास धुरावलेले मांस विकायला सुरुवात केली. त्या शहराच्या बार्बेक्यूचे जनक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते.

कॅन्सस सिटीचा सॉस टोमॅटो आणि उसाच्या मळीचा, दाट आणि गोड असतो. मेम्फिसमध्ये बरगड्यांवर कोरडा मसाला चोळून त्या सॉसशिवायही वाढतात. मेम्फिसला १९७८ पासून दरवर्षी मे महिन्यात बार्बेक्यूची मोठी स्पर्धा भरते. कुकरच्या पद्धतीला कॅन्सस सिटीचा सॉस अधिक जुळतो, कारण वाफेत शिजलेल्या मांसाला बाहेरून चिकट, चमकदार थराची गरज असते. नुसता कोरडा मसाला वाफेत धुऊन जातो.

कुकरची बाजू

प्रेशर कुकरचा पूर्वजच मुळी हाडे मऊ करण्यासाठी जन्मला. फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनला बंद झाकणाचे आणि सुरक्षा झडपेचे भांडे तयार केले. १६८२ मध्ये त्या भांड्यात शिजवलेले जेवण रॉयल सोसायटीच्या सदस्यांना वाढण्यात आले, आणि त्यात हाडेसुद्धा मऊ झालेली होती. घरगुती कुकर बाजारात रुळायला पुढे अडीचशेहून अधिक वर्षे गेली. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे दोन्ही कुकर १९५९ च्या सुमारास आले आणि शिट्टी हे स्वयंपाकघरातले वेळेचे मापच होऊन बसले. अमेरिकेत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर कुकर मागे पडला. २०१० मध्ये इन्स्टंट पॉट हा कॅनडातल्या कंपनीचा विजेचा कुकर आला आणि तिथल्या घरांत कुकर परतला. कुकरमधल्या रिब्ज आज तिथे इतक्या घरी होतात, त्यामागे हे यंत्र आहे. ज्यांच्या घराला अंगण नाही, किंवा ज्यांच्याकडे हिवाळ्यात बाहेर बर्फ साचतो, त्यांना दिवसभर धूर धरत बसणे शक्य नसते.

मांस मऊ कशाने होते

बरगड्यांमधले स्नायू श्वासाबरोबर अखंड हलत असतात, म्हणून त्यांच्यात कोलॅजेन हे चिवट प्रथिन भरपूर असते. त्याचे जिलेटिनमध्ये रूपांतर झाले की मांस मऊ आणि किंचित चिकट लागते. हे रूपांतर साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे सावकाश होते आणि तापमान वाढेल तसा त्याचा वेग वाढतो. धुराच्या भट्टीत हवा १०७ ते १२१ अंशांवर असली, तरी मांस आतून त्याच्या बरेच खाली असते. त्यातच ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान मांसाचे तापमान काही काळ अडून बसते. पृष्ठभागावरून पाणी उडत राहते आणि उडता उडता मांसाला थंड करते. भट्टीवाल्यांच्या धीराची खरी परीक्षा याच टप्प्यावर होते.

कुकरमध्ये हा टप्पाच येत नाही. आतली हवा वाफेने पूर्ण भरलेली असते, त्यामुळे बाष्पीभवनाने मांस थंड होत नाही. शिवाय बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, आणि थोड्याच वेळात मांसही शंभराच्या पुढे जाते. म्हणून तासांचे काम मिनिटांत होते. गॅसवरच्या शिट्टीच्या कुकरपेक्षा विजेच्या कुकरांतला दाब बहुधा थोडा कमी असतो, म्हणून त्यात पाच-सात मिनिटे जास्त लागतात.

हीच ओली वाफ खरपूसपणाच्या मुळावर येते. मांस तांबूस करणारी, भाजल्याचा वास देणारी रासायनिक क्रिया कोरड्या पृष्ठभागावर आणि साधारण १४० अंशांच्या पुढे जोमाने होते. कुकरमध्ये पृष्ठभागही ओला आणि तापमानही अपुरे. शिट्ट्या कितीही वाढवल्या तरी ही उणीव भरून निघत नाही, मांसाचा फक्त लगदा होतो.

भट्टीवरच्या बार्बेक्यूतही वाफेला जागा आहेच, हे कुकरला नाके मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. अमेरिकेत घरोघरी चालणारी ‘तीन-दोन-एक’ ही रीत अशी: तीन तास उघड्या धुरात, दोन तास फॉइलमध्ये थोड्या रसासह गुंडाळून, शेवटचा एक तास सॉस लावून. मधले दोन तास बरगड्या फॉइलमध्ये वाफेवरच शिजतात. कुकर नेमके तेवढेच काम हाती घेतो आणि लवकर उरकतो. उरलेले दोन भाग वगळायचे की नाहीत, हे करणाऱ्याच्या हातात असते.

बरगड्यांची निवड आणि तयारी

पाठीच्या कण्याजवळच्या बरगड्यांना बेबी बॅक म्हणतात. त्या आखूड, वाकदार आणि जरा कमी चरबीच्या असतात. पिल्लाच्या नसून पूर्ण वाढलेल्या डुकराच्याच असतात. त्यांच्या खालच्या, पोटाकडच्या बरगड्या म्हणजे स्पेअर रिब्ज. त्या लांब, चपट्या आणि चरबीदार असतात. छातीचे हाड आणि कुर्चेची पट्टी काढून त्यांचा आयताकार तुकडा केला की त्याला सेंट लुईस कट म्हणतात. कुकरसाठी स्पेअर रिब्ज अधिक चांगल्या, कारण त्यांतली चरबी आणि कोलॅजेन दाबाचा मारा सहन करतात. बेबी बॅक चार-पाच मिनिटे जास्त झाल्या तरी कोरड्या तंतूंसारख्या सुटतात.

हाडांच्या बाजूला एक पातळ, चंदेरी पडदा असतो. तो काढणे हे तयारीतले सर्वांत महत्त्वाचे काम. टोकाच्या हाडावर, पडद्याखाली चमच्याचा दांडा सरकवून तो थोडा उचलावा. तो ओला आणि निसरडा असतो, नुसत्या बोटांत धरता येत नाही. कोरड्या फडक्यात किंवा कागदी रुमालात घट्ट धरून ओढला की बहुधा एका पट्टीत निघून येतो. राहिला तर मीठ-मसाला त्या बाजूने आत जात नाही आणि शिजल्यावर दाताखाली चामड्यासारखा लागतो.

एक किलो बरगड्यांना दहा-बारा ग्रॅम मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवाव्यात. त्यावर लाल तिखट, मिरपूड, लसणाची पूड, मोहरीची पूड आणि थोडे जिरे. अमेरिकी मसाल्यात पाप्रिका आणि ब्राऊन शुगर असते. पाप्रिकाच्या जागी ब्याडगी मिरचीची पूड घेतली तर रंग सुरेख येतो आणि तिखटपणा बेताचा राहतो. साखर मात्र या टप्प्यावर घालू नये. ती वितळून खालच्या पाण्यात उतरते आणि तळाला लागते.

कुकरमधली रीत

तळाला सव्वा ते दीड कप पाणी, त्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर, वर कुकरची जाळी. बरगड्या पाण्यात बुडता कामा नयेत, नाहीतर त्यांचा स्वाद पाण्यात जातो. मोठ्या कुकरमध्ये बरगड्यांची अख्खी पट्टी गोल वळवून, मांसाची बाजू बाहेर ठेवून उभी करतात. पाच लिटरच्या कुकरमध्ये तीन-तीन, चार-चार हाडांचे तुकडे करून उभे लावावेत, म्हणजे वाफ सगळीकडून फिरते. भांडे दोन-तृतीयांशाच्या वर भरू नये. साध्या ॲल्युमिनियमच्या कुकरला व्हिनेगर सोसत नाही आणि पदार्थाला धातूचा वास लागतो. म्हणून स्टीलचा किंवा हार्ड ॲनोडाइज्ड कुकर घ्यावा.

दाट सॉस कुकरमध्ये कधीच घालू नये. टोमॅटो आणि साखरेचा सॉस तळाशी बसून करपतो, त्याचा कडवटपणा सगळ्या मांसात उतरतो, आणि विजेचा कुकर तर तळ तापल्याची सूचना देऊन मध्येच थांबतो. सॉस हे शेवटचे काम आहे.

या पदार्थासाठी शिट्ट्या मोजणे उपयोगाचे नाही. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत जितक्या शिट्ट्या होतात तितक्या मंद आचेवर अर्ध्या तासात होतील, आणि दोन्हींत शिजणे सारखे नसते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून घड्याळ लावावे. बेबी बॅकला अठरा ते वीस मिनिटे, स्पेअर रिब्जना पंचवीस ते तीस. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ काढू नये. दाब एकदम उतरला की मांसातला शंभर अंशांच्या वर तापलेला रस आतल्या आत उसळतो, तंतू फाटतात आणि मांस कोरडे पडते. कुकर आपोआप सुटेपर्यंतची पंधरा-वीस मिनिटे शिजण्यातच धरायची.

झाल्याची खूण हाडाच्या टोकाशी दिसते. मांस मागे सरून साधारण एक सेंटिमीटर हाड उघडे पडलेले असावे आणि पट्टी चिमट्याने मध्ये धरली तर दोन्ही टोके लवावीत, पण तुटू नयेत. आपसूक हाड सोडणारे मांस अनेकांना आवडते आणि रिब्ज विकणाऱ्या हॉटेलांच्या जाहिरातींतही त्याचीच बढाई असते. अमेरिकेतल्या स्पर्धांचे परीक्षक मात्र अशा बरगड्या जास्त शिजल्या असे मानतात. घास घेतल्यावर तेवढाच भाग हाडावरून स्वच्छ सुटावा आणि बाकीचे मांस जागेवर राहावे, ही त्यांची कसोटी. कुकरच्या रिब्जनाही हीच कसोटी लावावी. दाबाखाली हद्द ओलांडायला दोन-तीन मिनिटे पुरतात, आणि मग निखाऱ्यावर ठेवताना हाडे हातात आणि मांस जाळीखाली अशी गत होते.

धूर आणि सॉस

धूर द्यायचा तर शिजवण्यापूर्वी द्यावा. थंड, ओलसर पृष्ठभागावर धूर चांगला धरतो. कापल्यावर कडेला दिसणारी गुलाबी रेघही मांस कच्चे असतानाच बनू शकते, कारण ती धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडची मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी गाठ पडून तयार होते. झाकणाच्या ग्रिलमध्ये तासभर धूर देऊन मग कुकरमध्ये घातलेल्या बरगड्या भट्टीवरच्यांच्या बऱ्याच जवळ जातात. ज्यांना हे जमत नाही ते सॉसमध्ये लिक्विड स्मोकचे थेंब घालतात. जळत्या लाकडाचा धूर थंड करून मिळवलेला हा अर्क कॅन्सस सिटीचे अर्नेस्ट राइट यांनी १८९५ मध्ये विकायला आणला. तो थेंबाथेंबानेच घालावा, चमचाभर झाला तर औषधासारखा वास येतो. आपल्याकडची धुंगार देण्याची रीतही इथे चालते. शिजलेल्या बरगड्या पातेल्यात ठेवून मध्ये वाटीत पेटता निखारा, त्यावर थोडे तूप किंवा डुकराचीच चरबी, आणि पाच मिनिटे घट्ट झाकण. अमेरिकेत धुरासाठी वापरतात त्या हिकरीच्या लाकडाचा वास त्याला येत नाही, पण धुराची जागा रिकामी राहत नाही.

सॉससाठी टोमॅटो केचप, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, लसूण, तिखट आणि मळी एकत्र आटवतात. खायच्या प्रतीची मळी आपल्याकडे सहज मिळत नाही. तिच्या जागी कोल्हापूरकडची काकवी उत्तम चालते. तिच्यात मळीचा कडवट कस नसतो, म्हणून व्हिनेगर थोडे वाढवावे. कुकरच्या तळाचे पाणी वरची चरबी काढून याच सॉसमध्ये आटवले तर त्यातल्या जिलेटिनमुळे सॉसला अंगचीच चमक येते.

कुकरमधून काढलेल्या बरगड्या आधी दहा मिनिटे उघड्या ठेवून कोरड्या होऊ द्याव्यात. एकदम जाड थर न देता सॉसचा पातळ हात फिरवावा, तो चिकट होऊ द्यावा, मग दुसरा, मग तिसरा. २३० अंशांच्या ओव्हनमध्ये याला दहा-बारा मिनिटे लागतात, तेज निखाऱ्यावर त्याहून कमी. साखर तांबूस होण्यापासून काळी पडण्यापर्यंतचा काळ एखाद्या मिनिटाचा असतो, म्हणून इथे समोरून हलू नये. पाहुणे यायचे असतील तर बरगड्या आदल्या दिवशी शिजवून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. थंड झाल्यावर त्या घट्ट होतात, तुटत नाहीत, आणि आयत्या वेळी फक्त सॉसचे काम उरते.

गोवा आणि मुंबई

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आणि मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन समाजात डुकराचे मांस कुकरमध्ये शिजवणे नेहमीचेच आहे. त्यांचे विंदालू, इंदियाल आणि सोरपोतेल व्हिनेगरवरच उभे असतात, त्यामुळे आंबट-गोड बार्बेक्यू सॉस तिथल्या जिभेला परका वाटत नाही. सॉसमध्ये गोव्याचे माडाचे व्हिनेगर घातले तर आंबटपणा अधिक मवाळ लागतो. बाजारात मिळणाऱ्या बरगड्या पुष्कळदा आडव्या तोडून लहान केलेल्या असतात. अशा तुकड्यांना पंधरा मिनिटे पुरतात. अख्खी पट्टी हवी असेल तर कसायाला आधीच सांगावे लागते.

अमेरिकी कृषी खात्याने २०११ पासून डुकराच्या अख्ख्या तुकड्यांसाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती पुरेशी मानली आहे. आपल्याकडे मांस कुठून आले याची खात्री नेहमीच नसते. पट्टकृमीच्या अळ्या अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून पोटात जातात. कुकरमधले मांस आतपर्यंत शंभर अंशांच्या पुढे गेलेले असल्याने ही धास्ती उरत नाही. कच्च्या बरगड्यांना लावलेला ब्रश मात्र सॉसच्या भांड्यात बुडवू नये. वाढण्यासाठीचा सॉस सुरुवातीलाच वेगळा काढून ठेवावा.

बकऱ्याच्या बरगड्यांनाही हीच रीत लागू पडते. त्यांत चरबी कमी आणि पडदा अधिक चिवट असतो, म्हणून जून बकऱ्याला वेळ थोडा वाढवावा लागतो आणि भाजताना तेलाचा हात फिरवावा लागतो.